तांबड्या काठाचं भूत

एसी बंद केला की घरात आवाज येतात. सहा-सात महिने ते यंत्र घुरघुरत असतं आणि त्याच्या घुरघुरीखाली बाकी सगळं दबून पडलेलं असतं. ऑक्टोबर सरत आला की एके दिवशी आपण खिडकी उघडतो, तोंडावर येणारी हवा भट्टीतली नसते, आणि मग एकेक गोष्ट ऐकू यायला लागते. खालच्या हॉटेलात पातेली घासल्याची खरखर. समोरच्या गच्चीवर साळुंक्यांचं भांडण. भिंतीपलीकडे कोणाचा तरी खोकला. आखातातल्या या दोह्यात ऋतू बदलला हे झाडं सांगत नाहीत. झाडं आहेतच किती. इथे ते खोकल्यावरून कळतं.

या वर्षीही तसंच झालं. खिडकी उघडली आणि दुसऱ्या दिवशी नाजू शाळेतून आली ती दप्तर न उतरवताच पलंगावर आडवी झाली.

नाजू म्हणजे नाजनीन, माझी मुलगी. बारा वर्षांची. उशिरा झालेली. शाळेतल्या बाईंनी एकदा मलाच विचारलं होतं, "आजोबा, हिचे वडील नाही आले?" दर वर्षी या दिवसांत ती पडते. आधी घसा, मग ताप, मग खोकला. तिच्या आईला हे पाठ होतं. हवा फिरायच्या आतच ती ओवा आणि आलं काढून ठेवायची, जुन्या लुंगीच्या पट्ट्या फाडून धुऊन वाळत घालायची. आजारपण पाहुण्यासारखं यायचं आणि त्याला कुठे बसवायचं ते ठरलेलं असायचं. यंदा पाहुणा आला आणि दार मी उघडलं.

शरिफा, माझी बायको, याच वर्षी उन्हाळा चढायच्या आधी गेली. किडनीचं दुखणं. बरेच दिवस चाललं आणि मग एकदम संपलं. इथेच पुरलं तिला, शहराबाहेर, जिथे सपाट वाळूवर नुसते दगड आहेत. तेव्हापासून तिची धाकटी बहीण खैरुन दर शुक्रवारी गावाहून फोन करते. पहिल्यांदा रडायला करायची. नंतर कामाचं बोलायला लागली.

"भावजी, पोरीला हितं पाठवा."

"बघू."

"बघू काय? बाप्याच्या हातनं पोरगी वाढते होय? तुम्ही दिवसभर दुकानात. ती दोन खोल्यांत एकटी. उद्या शिक पडली तर पाणी कोण देईल तिला?"

हे 'शिक' पडणं खैरुनचं आवडतं. तिचा नवरा बोटीवर होता, तिकडून आणलेला शब्द. पण ती बोलते ते खोटं नव्हतं. मी दोन-तीन महिने बघू बघू केलं आणि शेवटी बकरी ईदेनंतर पाठवतो म्हणून कबूल झालो. नाजूला सांगितलं तर ती वहीतून मान वर न काढता म्हणाली, "ओके." तिचं सगळं इंग्रजीत. मराठी सगळं कळतं, माझ्या शिव्यासुद्धा कळतात, पण उत्तर इंग्रजीतच येतं. त्या 'ओके'त काय होतं ते मला कळलं नाही. इंग्रजी येत असतं तरी कळलं नसतं.

तर तिकीट काढायच्या आतच हा ताप आला.

मी शिंपी माणूस. दुकानात सांगितलं की पोर आजारी आहे, येत नाही, आणि घरी बसलो. बसलो म्हणजे काय, पलंगाशेजारी खुर्ची ओढली आणि हात मांडीवर ठेवले. माझे हात असे मोकळे कधी नव्हते. सुईदोरा नाही, कात्री नाही, कापड नाही. आजारी पोराजवळ बसलेल्या बाईचे हात कधी मोकळे नसतात, हे मला तेव्हा उमगलं. ती चादर ओढते, पट्टी पिळते, केस मागे सारते, ग्लास झाकते. यातलं काही गरजेचं असतं, काही नसतं. पण पोराला कळत राहतं की कोणीतरी आहे. मी नुसता बसलो होतो. नाजूनं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि परत मिटले.

गावाला माझ्या लहानपणी आजारपण म्हणजे सुट्टी होती. आई दुसऱ्याच्या शेतावर जायच्या आधी तळवा कपाळावर ठेवायची. त्या तळव्याला शेणाचा आणि मिठाचा वास. मग पेज एका वाटीत झाकून ठेवायची आणि जायची. दिवसभर मी आणि कौलांतून येणारी उन्हाची वर्तुळं. ती भिंतीवरून सरकत सरकत पेजेच्या वाटीपर्यंत आली की आई यायची वेळ. काडेचिराईताचा काढा इतका कडू की ताप त्यालाच घाबरून जात असावा. आणि बरं वाटायला लागलं याची खूण एकच, चुलीत भाजलेल्या सुक्या बांगड्याचा वास सोसायला लागला की समजायचं, उद्या शाळा. शाळा चौथीला सुटली. आजारपणं मात्र नंतरही चालू राहिली. फक्त तळवा नव्हता.

पण मला सांगायचं आहे ते नाजू सात वर्षांची होती त्या ऑक्टोबराबद्दल. त्या वर्षी रमजान ऑक्टोबरात आला होता. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, साऱ्या ऋतूंतून फिरून येतो. गोऱ्या लोकांचा तो भुतांचा सण, हॅलोविन, तो मात्र ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवसाला खिळा मारल्यासारखा बसलेला. त्या वर्षी फिरता आणि बसलेला असे दोघे एकाच आठवड्यात आले. आता परत ते दोघे असे भेटायला तीसेक वर्षं जातील. तोवर मी कुठे असणार.

इथल्या अरबांत रमजानच्या मध्याला पोरांचा एक सण असतो, गरंगाओ. चांद भरत आलेला असतो. रोजा सोडला की पोरं नटूनथटून गळ्यात कापडी पिशव्या अडकवून घराघरांतून फिरतात, गाणं म्हणतात, आणि प्रत्येक दारात त्यांच्या पिशवीत मूठ मूठ शेंगदाणे, बदाम, अक्रोड, सुके अंजीर, गोळ्या पडतात. त्या दिवसांत आमच्या दुकानात ईदेच्या कपड्यांचा ढीग, आणि त्यावर या पिशव्या. मुलींच्या डोक्यावरून घ्यायच्या जाळीदार ओढण्या, त्यांवर जरीचं काम. माझ्या बोटांना जरीचा चुरा लागायचा तो जेवणात यायचा. शरिफा म्हणायची, "आज भातात सोनं आहे, सावकाश खा."

उरलेल्या तुकड्यांतून मी नाजूसाठी एक पिशवी शिवली. हिरवी, पिवळी, जांभळी, जे होतं ते. ती पिशवी ती शाळेतून आली की गळ्यात घालायची आणि आंघोळीला काढायची. आणि गरंगाओच्या दिवशी दुपारी तिला ताप भरला.

अंग असं तापलं होतं की पिशवीचं कापडसुद्धा गरम लागत होतं. ती पिशवी काढू देईना. रडू लागली, की खालच्या मजल्यावरची पोरं जातील, मी नाही. शरिफानं पट्टी बदलली, तिचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाली, "रडतेस कशाला गो? तू नको जाऊस. दारंच येतील तुझ्याकडं."

मला कळेना ही काय बोलते. अजान झाली, आम्ही खजूर तोंडात टाकला, पाणी प्यालो. शरिफा उठली, खोलीबाहेर गेली, दार लावून घेतलं, आणि बाहेरून टकटक केली.

"कोण?" नाजू पलंगावरून.

दार उघडलं तर शरिफा तोंडावर काळी ओढणी घेऊन, हातवारे करत, कुठलंही अरबी नसलेलं अरबी बोलत आत आली. "यल्ला यल्ला, बिंत, शुक्रन, इन्शाल्ला!" तिला तेवढंच येत होतं, तेच फिरवून फिरवून बोलली. मूठभर शेंगदाणे पिशवीत टाकले आणि गेली. परत टकटक. आता ती शेजारची मल्याळी बाई झाली, पदर खोचून, मान हलवत. चणे टाकले. मग किराणावाला झाली, कानावर पेन्सिल, आणि म्हणाली, "सुट्टे नाहीत, चॉकलेट घे." नाजूचे डोळे तापानं लाल होते आणि ती हसत होती. हसताना खोकला यायचा, खोकताना परत हसायची.

"अहो, तुम्ही बी एक दार व्हा," शरिफानं मला बाहेर ओढलं. "बसलात काय कफीलासारखे, मालक असल्यागत?"

मला असली नाटकं येत नाहीत. मी टकटक केली, आत गेलो, खिशात हात घातला, आणि खिशात होती ती बटणं निघाली. पिशवीत टाकली.

नाजू पिशवीत डोकावून म्हणाली, "अब्बा, बटन्स आर नॉट फूड."

"हे शिंप्याचं घर आहे," मी म्हणालो. "शिंप्याच्या घरी हेच मिळतं."

शरिफा दाराला टेकून हसली. दिवसभराचा रोजा, वर तापातल्या पोरीपायी धावपळ, तोंड सुकलेलं, आणि ती हसत होती. तिचं ते हसणं मला आता आठवतं तेव्हा आवाज येत नाही. फक्त चेहरा दिसतो. आवाज आधी जातो का माणसाचा? कोणी सांगितलं नव्हतं.

त्या आठवड्यातच हेलन मॅडम दुकानात आल्या. वेस्ट बेच्या बाजूला व्हिलांचं एक मोठं कंपाउंड होतं, तिथे राहायच्या. पडदे, उशांचे अभ्रे, नवऱ्याच्या पँटी लांब-आखूड करायच्या, सगळं माझ्याकडे आणायच्या. त्यांची मुलगी नाजूएवढीच. मॅडमनी एक पांढरी चादर पुढ्यात टाकली आणि हिंदी-इंग्रजीत सांगितलं की हॅलोविन आहे, पोरीला भूत व्हायचंय, डोळ्यांना दोन भोकं पाडून द्या. बस. शिलाई काही नाही.

मी चादर हातात घेतली. कोरी, पांढरी, न शिवलेली. आमच्यात असं कापड माणसाच्या अंगावर एकदाच येतं. कफनाला टाका नसतो. पोराच्या मापाची, विनाटाक्याची पांढरी चादर डोक्यावरून घ्यायला मी कापून द्यायची? माझी कात्री पुढे जाईना.

"मॅडम, शिलाई करना पडेगा."

"क्यूं? ओन्ली शीट."

"करना पडेगा."

त्या हसल्या, बरं म्हणाल्या. मी चादरीच्या चारी बाजू दुमडल्या आणि तांबड्या दोऱ्यानं शिवल्या. मग जीव निवेना म्हणून डोळ्यांच्या भोकांनाही तांबडा गोट लावला. कोणाला चुकूनसुद्धा वाटता कामा नये की हे ते कापड आहे. वरून बघणाऱ्यालाही. मॅडमनी येऊन बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "मास्टर, भूत को बॉर्डर नहीं होता. ये तो टेबलक्लॉथ हो गया." मुलगी मात्र तिथेच चादर डोक्यावरून घेऊन नाचायला लागली. मी टेबलक्लॉथचं भूत आहे, असं काहीतरी ओरडत होती. मॅडमना हसू आलं. त्यांनी चादर घडी केली आणि जाता जाता म्हणाल्या, तुमची मुलगी पण आणा.

हे घरी सांगायची गरज नव्हती. पण मी सांगितलं, आणि नाजू तापातून उठून बसली.

"आय ऑल्सो वाँट टू बी घोस्ट."

शरिफानं कपाळावर हात मारला. "रमजानच्या महिन्यात अल्लानं सैतानाला साखळीनं बांधून ठेवलंय, आणि तुम्ही पोरीला सैतान करून गावभर फिरवणार? त्याला वाटंल, मी बांधलेला आणि ही मोकळी कशी?"

"अम्मी, घोस्ट इज नॉट शैतान," नाजू म्हणाली. "घोस्ट इज ओन्ली समवन हू डाइड."

मी तिला ते मराठीत सांगायला लावलं. तिनं शोधून शोधून सांगितलं, "भूत म्हणजे मेलेलं माणूस. बस. ते फक्त घरी येतं. बघायला."

शरिफानं तिच्या कपाळावर हात ठेवून ताप बघितला. मग म्हणाली, "ताप उतरला तर जा. नाही उतरला तर नाही."

ताप उतरला. मला अजून वाटतं, त्या पोरीनं हट्टानं उतरवला. उरल्यासुरल्या पांढऱ्या कापडातून मी तिलाही तांबड्या काठाचं भूत केलं. निघायच्या आधी शरिफानं तिला समोर उभी केली, मीठ आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊन डोक्यापासून पायापर्यंत उतरवल्या आणि तव्यावर टाकल्या. धुराचा ठसका लागला तर नजर नाही, नाही लागला तर नजर आहे, असं आमच्याकडे धरतात. आम्ही तिघंही इतके ठसकलो की डोळ्यांतून पाणी. चादरीखालचं भूतसुद्धा ठसकत होतं. शरिफा समाधानानं म्हणाली, "काय नाय हिला."

कंपाउंडमध्ये संध्याकाळचं ऊन भिंतींवर होतं. दारादारांत भोपळे, त्यांना दात कोरलेले, आत मेणबत्ती. शरिफा एकेका भोपळ्यापाशी थांबायची. "बघा, आतला गर काढून काय केलं असंल यांनी? टाकला असंल." तिला त्या भुतांपेक्षा त्या गराचं जास्त वाटत होतं. पोरं हाडांचे सांगाडे होऊन, चेटकिणी होऊन, तोंडाला रक्त लावून दारोदार गोळ्या मागत होती. आणि मी बघत होतो की हे तेच आहे. दार वाजवायचं, झोळी पुढे करायची, आतलं माणूस मूठ रिकामी करतं. आमच्याकडे पोरं नटून जातात, यांच्याकडे भुतं होऊन जातात. जातात मात्र शेजाऱ्यांच्याच दारात.

एक लहानशी गोरी पोर, पाठीला पंख लावलेली, शरिफासमोर येऊन थांबली. शरिफा काळ्या बुरख्यात, तोंड उघडं. पोरीनं वर बघून विचारलं, तू काय झालीयेस? शरिफाला कळलं नाही. चादरीतून नाजू म्हणाली, "शी इज माय मॉम." त्या पोरीनं मान हलवली, पटल्यासारखी, आणि उडत पुढे गेली. नाजूनं अर्थ सांगितला तेव्हा शरिफानं तिच्या चादरीचा काठ सारखा केला. मग मला म्हणाली, "चांगला विचारला तिनं. मी काय झालेय, मला तरी कुठं ठाऊक होता? ही झाली तेव्हा कळला."

लोक म्हणतात, चांगले दिवस तेव्हा कळत नाहीत. मला तेव्हाच कळलं होतं. मी तिथे, त्या भोपळ्यांत उभा राहून मनात म्हणालो होतो की हे संपणार आहे. कळल्यानं काही थांबत नाही, एवढंच.

शरिफा गेली तेव्हा कापड मी आणलं. बाईला पाच तुकडे लागतात. दुकानातल्या माणसांनी म्हटलं, मास्टर, आम्ही कापतो, तुम्ही बसा. मी म्हटलं, नाही. जन्मभर तिचे कपडे मी शिवले. निकाहाच्या वर्षापासून तिच्या अंगावर दुसऱ्या शिंप्याचा टाका नव्हता. आणि हे शेवटचं, याला टाकाच घालायचा नाही. मी माप घेतलं नाही, हाताला माप ठाऊक होतं. कापलं, घडी घातली, बायकांच्या हातात दिलं. मशीनपाशी येऊन बसलो. पायाखाली पायडल होतं, ते दाबलं. मशीन रिकामं चाललं थोडा वेळ.

तर यंदाचा ताप. पहिल्या दिवशी मी पेज केली ती खाली लागली. नाजूनं चमचा तोंडाजवळ नेला आणि वाटी परत दिली. दुसऱ्या दिवशी खालच्या हॉटेलातून सूप आणलं, त्यात मिरं फार. तेही नाही. मी पट्ट्या ठेवत होतो, तर ती म्हणाली, पाणी कानात जातंय. मी कमी पिळत होतो. जास्त पिळली तर म्हणाली, आता कोरडी आहे. मला राग आला. आजारी पोराचा राग येतो, हे कोणी बोलत नाही. शरिफालाही येत असणार. मला कधी दिसलं नाही.

मग बसल्या बसल्या एक जुनी गोष्ट आठवली. नाजू चार-पाच महिन्यांची असेल. पहिलाच ताप. मी दुकानात होतो. शरिफा तिला कडेवर घेऊन अनवाणी जिना उतरली, किराणावाल्याच्या फोनवरून गावाला लावला, पोस्टात. पोस्टातला माणूस तिच्या आईला बोलवायला गेला आणि तेवढ्यात लाइन तुटली. परत लागेना. मी घरी आलो तेव्हा ती पोरीला मांडीवर घेऊन रडत होती. "मला काय येत नाय हो," म्हणत होती. "मला काय बी येत नाय." पोरीच्या अंगावर तिनं तीन दुपटी घातली होती, तापातल्या पोरीवर. आम्ही ती काढली, खिडकी उघडली. पहाटे ताप उतरला. कशानं उतरला ते तिला कळलं नाही, मलाही नाही.

म्हणजे तिलाही येत नव्हतं. ओव्याचा डबा, लुंगीच्या पट्ट्या, दार होऊन येणं, हे सगळं तिच्याबरोबर माहेराहून आलेलं नव्हतं. एकेका ऑक्टोबरात तिनं ते जमवलं. मी बघितलं ते तयार झालेलं. तयार कपडा बघणाऱ्याला उसवलेले टाके दिसत नाहीत. हे मला, शिंप्याला, इतक्या वर्षांनी कळावं.

तिसऱ्या दिवशी दुपारी नाजू छताकडे बघत पडली होती. ताप थोडा कमी होता. खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज. तिनं एकदम विचारलं, इंग्रजीतच, पण मला कळलं.

"अब्बा, आर यू सेंडिंग मी बिकॉज आय फॉल सिक?"

"नाही."

"देन व्हाय?"

"खैरुनखाला म्हणते, माझ्यानं होणार नाही."

तिनं छतावरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "होईल?"

तो एक शब्द मराठीत आला. मी खोटं बोलू शकलो असतो. शरिफा बोलली असती, हसून, चुटकी वाजवून. माझ्या तोंडून आलं, "माहीत नाही."

"ओके," ती म्हणाली आणि कूस बदलली.

त्या दुपारी मी खूप विचार केला. गावाला खाडीची हवा आहे. खैरुनचा हात सढळ आहे, तिच्या घरात पोरी आहेत, अंगण आहे. नाजू तिथे सुखात राहील. हे सगळं खरं. मी इथे कशासाठी धरून ठेवणार तिला, माझ्यासाठी? हो, माझ्यासाठी पण. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तिनं 'होईल?' विचारलं ते जायचं होतं म्हणून विचारलं नव्हतं. एवढं मला कळतं. ज्या पोरीची आई गेली तिचा सहा महिन्यांत बापही लांबून फोनवर बोलणारा माणूस करायचा, आणि तोही तिच्या भल्यासाठी. हे भलं मला शिवता येईना. कुठूनही धरलं तरी ओढ येत होती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. नमाज पढून आलो तोच फोन वाजला.

"भावजी, तिकीट काढलात?"

"नाय."

"का? आता सीझन चालू होईल, महाग होतील."

"खैरुन, मी पाठवत नाय तिला."

तिकडे भांडं आपटल्याचा आवाज आला. मग ती चढली. "अवो, डोका फिरला काय तुमचा? कबूल झाला होतात. मी खोली रंगवून घेतली तिच्यासाठी!"

"चूक झाली. कबूल व्हायला नको होता."

"आणि शिक पडली म्हणजे?"

"आता पडलीच आहे. तीन दिवस."

"या अल्ला! आणि बघतो कोण तिला?"

"मी."

"तुम्ही? तुम्हाला काय येतो त्यातला?"

"काय येत नाय."

मग आवाज खाली आणून म्हणाली, "भावजी, उद्या पोरगी मोठी व्हायची. बायकांच्या गोष्टी असतात. त्या काय तुम्हाला विचारील ती?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला नाय विचारणार," मी म्हणालो. "तुला विचारील. फोन करीन मी आणि तिच्या हातात देऊन बाहेर जाऊन उभा राहीन. तू सांग. आणि सुट्टीत येऊ दोघं, महिनाभर. त्या रंगवलेल्या खोलीत झोपू दे तिला."

खैरुन रडायला लागली. माझ्यावर रागावून की बहिणीच्या आठवणीनं, कळलं नाही. मग नाक ओढून म्हणाली, "आलं ठेचून घाला मधात. ओवा भाजून, फडक्यात बांधून छातीला शेका. जास्त गरम नको, आधी आपल्या गालाला लावून बघा." मी हो हो म्हणत राहिलो. आधी आपल्या गालाला लावून बघायचं, हे नवीन होतं. शरिफा तसं करायची का? करत असणार.

फोन ठेवून वळलो तर नाजू खोलीच्या दारात उभी. चादर खांद्यावर ओढलेली, केस विस्कटलेले, चेहरा सुकून एवढासा झालेला. किती ऐकलं होतं तिनं, विचारलं नाही. भिंतीला धरून ती स्वयंपाकघरापर्यंत आली, एका पातेल्यावरचं झाकण उचललं, दुसऱ्यावरचं उचललं.

"भूक लागली," ती म्हणाली.

घरात काहीच नव्हतं. मी तिला खुर्चीवर बसवलं, पायात चपला घातल्या, अर्धा जिना उतरलो आणि काय खाणार ते विचारायला परत वर आलो.